क्लाउडस्पायर घ्यावा का? इंदुरात कुणी खेळलंय का?

टिळकनगरकर:

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण दहा-बारा दिवसांत ठरवायचंय. माझा आतेभाऊ अमेरिकेत असतो, तो दिवाळीला इंदूरला येतोय, त्याने फोनवर विचारलं तुला काय आणू, आणि मी पटकन बोलून गेलो की क्लाउडस्पायर हा बोर्ड गेम आण. किंमत नंतर बघितली. शंभर डॉलरच्या चांगलीच वर आहे आणि खोकाही जड, म्हणजे त्याच्या बॅगेतली बरीच जागा तोच खाणार. तो बिचारा हो म्हणालाय, पैसे मी देणारच आहे, पण आता मलाच धाकधूक होतेय की एवढा आणला आणि कपाटावर पडून राहिला तर काय.

टॉवर डिफेन्सचं, म्हणजे मनोरे उभे करून चालून येणारी फौज अडवायच्या खेळांचं, वेड मला कॉलेजपासून. २००७-०८ मध्ये आमच्या लॅबमध्ये सगळे डेस्कटॉप टॉवर डिफेन्स खेळायचे, मोकळं मैदान असायचं आणि मनोरे असे उभे करायचे की त्यांचाच भुलभुलैया व्हायचा, आलेली फौज वळसे घालत घालतच संपायची. मग प्लँट्स व्हर्सेस झोंबीज, मग मोबाईलवर किंगडम रश. २०२० संपता संपता ज्यावर ते जुने गेम चालायचे ते फ्लॅश बंद झालं आणि ते ब्राउझरमध्ये उघडेनात, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं.

पण मूळ त्याच्याही आधीचं आहे असं मला वाटतं. आमच्या जुन्या घरी ओटल्यासमोर दिवाळीचा किल्ला व्हायचा, विटा, माती, वर ओलं पोतं, त्यावर अळीव पेरलेले, आणि मावळे कुठे उभे करायचे यावरून आम्हा भावंडांची रोज भांडणं. मी म्हणायचो तोफ मोठ्या बुरुजावर, चुलतभाऊ म्हणायचा शत्रू काय तुला विचारून समोरून येणारे का, तो मागच्या वाटेनं येणार, आणि तोफ उचलून मागे नेऊन ठेवायचा. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. तसाच खेळ टेबलावर चार माणसांबरोबर खेळायला मिळाला तर मला खूप आवडेल, एवढंच.

आमचं टेबल म्हणजे मी, बायको, मेहुणा आणि भाची, ती आठवीत आहे. रविवारी सकाळी पोहे-जिलबी झाली की बसतो. आत्तापर्यंत कटान आणि तिकीट टू राइड झालेत, आणि मेंढीकोट तर कायमचं. तर मला असं विचारायचंय की त्या खोक्यातलं एवढं सामान खरंच खेळताना कामी येतं का नुसता थाट आहे, नियम लोक म्हणतात तेवढे जड आहेत का, आणि मुख्य म्हणजे लाट येतेय आणि आपले मनोरे तिला झोडपतायत ही जी मजा स्क्रीनवर येते ती टेबलावर येते का?

---

बुरुजावरचा मावळा:

माझ्याकडे आहे, तीन वर्षं झाली. मी सुदामा नगरला राहतो, म्हणजे तुमच्यापासून काही लांब नाही. चाळीसेक वेळा टेबलावर आला असेल, त्यातले निम्म्याहून जास्त वेळा मी एकटाच खेळलोय, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढच्या सगळ्याला त्याचा संदर्भ आहे.

आधी सामान. प्रत्येक योद्धा म्हणजे एक जाड पोकर चिप, हातात घेतली की वजन कळतं. त्याच्यात जेवढा जीव तेवढ्या लाल चकत्या त्याच्या खाली लावायच्या, मार बसला की खालची एक काढून घ्यायची. म्हणजे टेबलाकडे नुसतं बघितलं तरी दिसतं कोण धडधाकट उभा आहे आणि कोण शेवटच्या घटका मोजतोय. वहीत आकडे लिहा, छोटे फासे फिरवून ठेवा, असली कुठलीच भानगड नाही. मनोरेही तसेच, सुधारणा केली की चकत्यांची भर पडते आणि मनोरा खरोखर उंच होतो. मॅट निओप्रीनचे, माऊसपॅडसारखे, त्यामुळे चकत्या सरकत नाहीत. पत्ते कागदाचे नाहीत, पीव्हीसीचे आहेत. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे अख्खा कप चहा सांडला पत्त्यांवर, पंचानं पुसले आणि खेळ पुढे चालू. तर थाट आहेच, पण यातली बहुतेक प्रत्येक वस्तू काही ना काही काम करते, आणि मला तरी त्यासाठी पैसे दिल्याचं कधी वाईट वाटलं नाही.

आता नियम. इथे मात्र नीट विचार करा. पहिल्यांदा आम्ही चौघं सकाळी अकराला बसलो, जेवण तीनला झालं आणि दिवेलागणीला बघतो तर दोनच लाटा झालेल्या. कारण असं की चकतीवर शब्द नाहीत, चिन्हं आहेत, आणि प्रत्येक चिन्हाचा अर्थ तक्त्यात शोधावा लागतो, हा उडतो, हा दुरून मारतो, हा मेला की शेजाऱ्यालाही घेऊन जातो. त्यात मूळ खोक्यात चार पक्ष आहेत, ब्रॉनन, ग्रोव्हटेंडर्स, नारोरा आणि हेअर्स, आणि चौघांची खेळायची रीत वेगळी, म्हणजे एक शिकलात की दुसरा आपोआप आला असं होत नाही. समोरच्याकडे काय आहे हे माहीत नसेल तर त्याच्या चाली आभाळातून पडल्यासारख्या वाटतात आणि मग माणूस चिडतो. आमच्यातला एक जण त्या दिवसानंतर परत आला नाही.

पण जे तुम्ही शेवटी विचारलंय, लाटेची मजा, ती येते. प्यादी एकदा सोडली की ती तुमच्या मनाप्रमाणे थांबत नाहीत, समोरच्याच्या दाराकडे चालत सुटतात, सरदार मात्र तुम्ही हवे तिकडे फिरवायचे. खजिना कधीच पुरत नाही, मनोरा बांधू का प्यादी घेऊ का किल्लाच सुधारू, हे दर फेरीला. एकदा माझ्या मित्राचं एक प्यादं, खाली एकच लाल चकती उरलेली, माझ्या दोन मनोऱ्यांच्या माऱ्यातून निसटून पुढे आलं, आणि तिसऱ्या मनोऱ्याचे पैसे मी त्याच फेरीत बाजारातून भाडोत्री सरदार घेण्यात घातले होते. ते प्यादं एकेक घर पुढे सरकतंय, माझा सरदार दोन घरं मागे आहे, आणि पोचतच नाही. टेबलाभोवती सगळे उभे राहिले होते. पोचलं ते दारात. वर्ष होऊन गेलं, मला अजून ती घरं मोजता येतात.

माझं मत असं की तुमचं टेबल, तीच चार माणसं, निदान सहा-सात रविवार यालाच देणार असतील तर डोळे मिटून घ्या. दर वेळी नवा माणूस येणार असेल तर नका घेऊ, कारण दर वेळी तुम्ही शिकवतच बसाल. आणि रात्री एकटं खेळायची आवड असेल तर त्याच्यासाठी वेगळं पुस्तक आहे, त्यात एकट्याचे आणि मिळून खेळायचे प्रसंग दिलेत, ते मला चौघांच्या लढाईपेक्षाही जास्त आवडतात. मुलं झोपली की मी टेबललॅम्प लावून बसतो, घरात कुणाला त्रास नाही.

---

बडोदेकरीण:

मी बडोद्याहून, दांडिया बाजार. मावळा दादांनी छानच सांगितलंय पण मला त्या आठवीतल्या भाचीची काळजी वाटली म्हणून लिहितेय. आमच्याकडे पण एक आठवीतला आणि एक पाचवीतली आहे. तुम्ही क्लाउडस्पायर आणा किंवा नका आणू, कॅसल पॅनिक आधी घरात आणा.

२००९ चा गेम आहे, अगदी साधा. बोर्डाच्या मधोमध किल्ला, सहा बुरुज, भोवती तट, आणि कडेला जंगल. राक्षस जंगलातून आत आत येत राहतात, एकेक वर्तुळ ओलांडत. तुमच्या हातात पत्ते असतात, लाल तिरंदाज, निळा नाईट असे, म्हणजे राक्षस ज्या रंगाच्या भागात आणि ज्या वर्तुळात असेल तोच पत्ता त्याला लागतो. गॉब्लिन एका फटक्यात, ऑर्क दोन, ट्रोल तीन. राक्षसाची सोंगटी तिकोनी आहे, फटका बसला की ती फिरवायची आणि कोपऱ्यातला पुढचा आकडा किल्ल्याकडे आणायचा, माझ्या पाचवीतलीला हे एकदा दाखवलं आणि पुन्हा सांगावं लागलं नाही. सगळे मिळून खेळतात, पत्त्यांची अदलाबदल करतात, तुझ्याकडे हिरवा तिरंदाज आहे का गं, माझ्याकडे लाल नाईट आहे, असा नुसता कालवा असतो. एक ते सहा जण खेळू शकतात, त्यामुळे आजी पण बसते. उत्तरायणात पाहुणे आले होते, गच्चीवरून खाली आले की एक डाव, परत वर पतंगाला, असं दोन दिवस चाललं होतं.

आणि तुम्ही मोबाईलवर किंगडम रश खेळलायत तर त्याचाही बोर्ड गेम आहे हं, रिफ्ट इन टाइम नावाचा. तो मधल्या पायरीचा समजा. त्यात मनोरे म्हणजे पत्ते, आणि मनोऱ्यानं मारा केला की वेगवेगळ्या आकाराचे पुठ्ठ्याचे तुकडे, टेट्रिससारखे, शत्रूच्या तुकडीवर बसवायचे. तुकडीतले सगळे शत्रू झाकले गेले की ती गेली. सगळ्यात मला आवडतं ते म्हणजे मनोरा वाढवायचा असेल तर तो या फेरीला वापरायचा नाही, शेजारच्याला द्यायचा, पुढच्या फेरीला त्याच्या हातात मोठा होऊन येतो. म्हणजे आत्ता झोडपू का याला देऊ, हे दर वेळी बोलून ठरवावं लागतं. माझे मिस्टर एरवी गेमला बसत नाहीत, याला बसतात.

एकदम मोठ्या गेमला बसवलंत आणि मुलीला पहिल्याच दिवशी कंटाळा आला तर पुढच्या रविवारी ती येणारच नाही, आणि चौथा भिडू गेला की तुमचं मेंढीकोटही बंद.

---

ग्वाल्हेरी हिशेब:

मी वेगळं मत देतो, राग मानू नका. मी क्लाउडस्पायर दोनदा खेळलोय, दोन्ही वेळा मित्राच्या घरी. सामान अप्रतिम आहे, मावळे म्हणतायत ते खरंय, हातातून सोडवत नाही. पण टॉवर डिफेन्स म्हणून मला तो पटला नाही.

कारण सांगतो. स्क्रीनवर आपण मनोरे लावतो आणि मग हात बांधून बघतो. शंभर जण येतात, कुणाला किती लागलं, कोण किती हळू झाला, हे सगळं मशीन बघतं. आपलं काम फक्त जागा निवडायची आणि जीव मुठीत धरून बघायचं. टेबलावर ते मशीनचं काम आपल्याकडे येतं. प्यादं तुम्ही उचलून ठेवायचं, या मनोऱ्याचा टप्पा किती ते मोजायचं, मारा मोजायचा, चकती काढायची, पुढचं प्यादं. एका फेरीत तेच वीस वेळा. मला दुसऱ्या तासाला असं झालं की मी लढाई बघतच नाहीये, हिशेब लिहितोय. काही लोकांना त्यात आनंद मिळतो, मला तो मिळाला नाही आणि एवढ्या पैशांत तर नाहीच.

आमच्या ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कधी पायी चढून गेलायत का? आलमगिरी दरवाज्यातून शिरायचं आणि मग एकामागून एक दरवाजे, वर पोचेपर्यंत हाथी पोल. लहानपणी वडील चढताना दर दरवाज्याशी थांबवायचे आणि म्हणायचे, आता मागे वळून बघ, तू कुठून कुठून दिसतोयस. चढण अशी की शत्रू दमलेला, वाट अरुंद, आणि वरून सगळं दिसतंय. टॉवर डिफेन्स मला तिथे कळला, वाट आपली असते, चालणारा दुसरा असतो. जो गेम हे देईल तो मला हवा, आणि ते मला डेस्कटॉप टॉवर डिफेन्सनं दिलं, कॅसल पॅनिकनंही थोडं दिलं, क्लाउडस्पायरमध्ये ते हिशेबाखाली दबून गेलं. टिळकनगरकर, तुम्हाला बघायला आवडतं का हातानं करायला आवडतं, हे स्वतःला विचारा.

---

बुरुजावरचा मावळा:

हिशेब भाऊ, राग कशाला. तुमचं म्हणणं पहिल्या दोन डावांना तंतोतंत लागू आहे, मीही तिथे होतो. माझा अनुभव एवढाच की पाचव्या-सहाव्या डावापासून चिन्हं पाठ होतात, आणि मग तो हिशेब बोटांनी होतो, डोक्यानं करावा लागत नाही, जसं मेंढीकोटमध्ये कुठला हुकूम पडून गेला हे आपण मुद्दाम मोजत नाही तरी माहीत असतं. पण तिथवर पोचायला पाच-सहा डाव लागतात आणि तेवढे रविवार प्रत्येकाकडे नसतात हे मी मान्य करतो.

आणि वाट आपली असते म्हणालात ना, याच्यात नकाशाचे तुकडे खेळता खेळता आपणच लावतो. म्हणजे शत्रूला वळसा घालायला लावायची सोय आहे, फक्त समोरचाही तेच करत असतो. माझ्या मते त्या डेस्कटॉपवाल्या भुलभुलैयाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट हीच आहे. तुम्ही इंदूरला आलात तर परत एकदा बसू, या वेळी मिळून खेळायचा प्रसंग लावतो, एकमेकांविरुद्ध नको.

---

राजवाडा ते विजयनगर:

खेळाचं मला फार कळत नाही पण आणण्याबद्दल सांगतो. भावाला बिल सोबत ठेवायला सांगा, मोबाईलमध्ये नको, कागदावर. आणि वजनाचा प्रश्न आला तर खोका वेगळा आणि चकत्या वेगळ्या, दोन-तीन बॅगांत वाटून आणता येतात. मी एकदा एक मोठा गेम असाच मागवला होता, खोका कपड्यांच्या मधोमध ठेवला होता म्हणून कोपरे शाबूत राहिले.

---

टिळकनगरकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बायकोला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली कॅसल पॅनिक तर आणायचाच, तो प्रश्नच नाही, तेव्हा ताई तुमचा शब्द पाळला गेला.

हिशेब भाऊ, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मला वाटतं मला हातानं करायला आवडतं. किल्ल्यात पण मला मावळे मांडायलाच आवडायचं, मांडून झाल्यावर मी परत सगळे काढायचो आणि दुसरीकडे लावायचो, आई ओरडायची की आता तरी पणती लावू दे.

एकच अडचण उरलीय, मेहुणा. माणूस हुशार आहे, पत्त्यांत आम्हा सगळ्यांना गुंडाळतो, पण इंग्रजी तक्ते समोर आले की तो उठून जातो. क्लाउडस्पायरमध्ये वाचायला किती आहे?

---

बुरुजावरचा मावळा:

चकत्यांवर काही नाही, सगळं तक्त्यांत. माझ्या आईसाठी मी तेच केलं होतं, ती सत्तरीची आहे आणि कॉलनीत रमीला तिच्यासमोर कुणी बसत नाही. फुलस्केप कागदावर प्रत्येक पक्षाची एक यादी केली, डावीकडे चिन्ह पेननं काढलं आणि उजवीकडे मराठीत चार शब्द. हिरोला सरदार, मिनियनला प्यादं, स्पायरला मनोरा, सोर्सला रसद. रसद हा शब्द आईनंच सुचवला, मी आधी नाणी लिहिलं होतं तर ती म्हणाली नाणी कशी, याच्यावर तर फौज जगते. जो दुरून मारतो त्याला तिरंदाज न म्हणता लांब हात, कारण काही जण बाण मारतच नाहीत. शेजाऱ्याला घेऊन मरतो त्याच्यापुढे फक्त सुतळी बॉम्ब असं लिहिलंय, तिला एकदाच वाचावं लागलं. चार पानं झाली, लॅमिनेट करून घेतली. आई नारोराच घेते दर वेळी, आणि तिच्या प्याद्यांना नावं ठेवून बोलते त्यांच्याशी.

त्या पानांची झेरॉक्स मी तुम्हाला देतो. पण माझं ऐकाल तर भावाला चार दिवस थांबायला सांगा. या रविवारी चौघंही माझ्याकडे या, मिळून खेळायचा सगळ्यात सोपा प्रसंग लावतो, दोन-अडीच तासांत होईल. मेहुणा उठून गेला तर भावाला सांगून टाका की नको आणू. बसून राहिला तर सांगा आण.

---

बडोदेकरीण:

दादा, ती पानं मलाही पाठवा ना, फोटो काढून चालतील. आमच्याकडे क्लाउडस्पायर नाहीये पण लांब हात आणि सुतळी बॉम्ब वाचून पाचवीतली मागे लागलीय.

---

टिळकनगरकर:

भावाला आत्ताच मेसेज केला, तो म्हणाला सोमवारपर्यंत ऑर्डर करत नाही. मेहुण्यालाही सांगितलं की रविवारी एका काकूंशी सामना आहे ज्या रमीत हरत नाहीत, तर तो म्हणाला किती वाजता.

आम्ही अकराला येतो. पोहे आमच्याकडून, वर भुरभुरायचं जिरावण तेवढं तुमच्याकडे असू द्या.

---

बुरुजावरचा मावळा:

जिरावण आहे. साडेदहाला या, मांडणी भाचीच्या हातानं करू. पत्ता मेसेजमध्ये टाकलाय.